एकाच गावात पाच पेन्शनी: कोणाच्या म्हातारपणाला किती आधार?

मानोरा तालुक्यातील इंझोरी. रविवारची संध्याकाळ. विहारात वंदना झाल्यावर आम्ही काही जण ओट्यावर बसलो होतो. विषय निघाला पेन्शनचा. जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी बसले होते. शेजारी पुण्याकडच्या कारखान्यात उमर घालवून गावी परतलेले एक काका होते. काका म्हणाले, "गुरुजीले महिन्याले हजारोंनी भेटते, अन् मले दोन हजारबी नाही. मी काय कमी राबलो का?"

त्यांच्या या प्रश्नाला कोणाकडेच पटकन उत्तर नव्हते. मग आम्ही हिशेब मांडायला बसलो. ओट्यावर बसलेल्या दहा-बारा माणसांत पाच वेगवेगळ्या तऱ्हेच्या पेन्शनी निघाल्या. दोघी जणी तर अशा होत्या, की त्यांच्या वाट्याला काहीच नव्हते. आपल्या तरुणांना नोकरी लागली की पहिला प्रश्न असतो, "पगार किती?" दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही, "साठीनंतर काय?" तो विचारता यावा म्हणून हा लेख.

पेन्शन ही खैरात नाही

आधी एक गोष्ट मनात पक्की करू. पेन्शन म्हणजे सरकारने किंवा मालकाने केलेली दया नव्हे. 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डी. एस. नाकारा खटल्यात हे स्पष्ट सांगितले. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, मालकाच्या मर्जीवर मिळणारी बक्षिसी नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. म्हणूनच 17 डिसेंबर हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो.

बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या कलम 41 मध्ये म्हातारपण, आजार, अपंगत्व आणि बेकारी या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याची तरतूद करावी, असे राज्याला सांगितले आहे. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे सोपवले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगाराच्या अडचणीच्या दिवसांची जबाबदारी एकट्या कामगारावर नसते, हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही.

आता एकेक पेन्शन पाहू.

पहिली: जुनी पेन्शन

गुरुजींना मिळते ती ही. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 आहेत. हिशेब सोपा आहे. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, आणि त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता. मूळ पगार 60,000 रुपये असेल तर पेन्शन 30,000 आणि वर महागाई. पेन्शनसाठी पगारातून एक पैसाही कापला जात नाही. भविष्य निर्वाह निधीची कपात होते, पण ती स्वतःची बचत असते आणि व्याजासह परत मिळते. कर्मचाऱ्याच्या मागे कुटुंबाला साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळते.

या योजनेत बाजार पडला, महागाई वाढली, माणूस नव्वद वर्षे जगला, तरी सगळी जोखीम सरकारची असते.

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांसाठी हे दार बंद झाले. केंद्राने ते 1 जानेवारी 2004 पासूनच बंद केले होते. यात एक अपवाद लक्षात ठेवा. पदाची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण नेमणूक नंतरची, अशा राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन निवडण्याची एकवेळची संधी देण्याचा निर्णय जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने घेतला.

दुसरी: एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना

गावातीलच एक शिक्षक 2008 ला लागले. शाळा तशीच, काम तेच. पण त्यांची पेन्शन वेगळी. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या 10 टक्के त्यांच्या पगारातून कापले जातात आणि 14 टक्के सरकार भरते. ही बेरीज 50,000 असेल तर त्यांचे 5,000 आणि सरकारचे 7,000, मिळून महिन्याला 12,000 रुपये त्यांच्या खात्यात जमा होतात. हा पैसा रोखे आणि शेअर बाजारात गुंतवला जातो.

निवृत्त होताना जमलेल्या रकमेपैकी 60 टक्क्यांपर्यंत रोख घेता येते. सरकारी कर्मचाऱ्याला किमान 40 टक्क्यांची वार्षिकी विमा कंपनीकडून विकत घ्यावी लागते, आणि तिच्यातून महिन्याची पेन्शन येते. समजा 40 लाख जमले. 24 लाख हातात आले आणि 16 लाखांची वार्षिकी घेतली. दर 6 टक्के धरला तर वर्षाला 96,000, म्हणजे महिन्याला 8,000 रुपये. सगळ्याच 40 लाखांची वार्षिकी घेतली तर 20,000. हा आकडा वीस वर्षांनीही साधारण तितकाच राहतो, कारण नेहमीच्या वार्षिकीला महागाई भत्ता नसतो.

या योजनेची चांगली बाजूही सांगायला हवी. खाते स्वतःच्या नावावर असते, नोकरी बदलली तरी सोबत येते आणि मोठी रक्कम हाती येते. पण बाजाराची आणि दीर्घायुष्याची जोखीम इथे कर्मचाऱ्याच्या अंगावर पडते. हातात आलेले 24 लाख मुलीचे लग्न, घर आणि दवाखाना यांत संपले की मागे उरतात ते 8,000.

याच कारणावरून मार्च 2023 मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संपावर गेले. 14 मार्चला सुरू झालेला संप 20 मार्चला मिटला. त्यानंतर निघालेल्या शासन निर्णयाने, सेवेत असताना मृत्यू झालेल्या एनपीएसमधील कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झाला.

तिसरी: यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना

आंदोलनांच्या दबावातून निघालेली ही मधली वाट. केंद्रीय मंत्रिमंडळाने 24 ऑगस्ट 2024 रोजी ती मंजूर केली आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी ती 1 एप्रिल 2025 पासून लागू झाली. 25 वर्षे सेवा झाली असेल तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन मिळते. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. किमान 10 वर्षे सेवा झाली असेल तर महिन्याला निदान 10,000 रुपयांची हमी आहे. महागाईची वाढ मिळते, आणि निवृत्त कर्मचाऱ्यामागे जोडीदाराला पेन्शनच्या 60 टक्के मिळतात.

सरासरी मूळ पगार 60,000 आणि सेवा 25 वर्षे असेल तर पेन्शन 30,000. सेवा 15 वर्षेच असेल तर 18,000. आकडे जुन्या पेन्शनसारखे दिसतात, पण दोन फरक आहेत. इथे कर्मचाऱ्याच्या पगारातून 10 टक्के कापले जातातच. आणि एनपीएसमध्ये जी 60 टक्के रोख हाती येते, ती इथे घ्यायची ठरवली तर पेन्शन त्या प्रमाणात घटते.

महाराष्ट्राने मार्च 2024 मध्ये विधिमंडळात स्वतःची सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना जाहीर केली होती. 25 ऑगस्ट 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत योजना लागू करण्यासही मंजुरी दिली. म्हणून आपल्या शिक्षक, आरोग्यसेवक, तलाठी बांधवांनी पर्याय भरून देण्यापूर्वी संबंधित शासन निर्णय स्वतः वाचावा. उशिरा, म्हणजे पस्तीस-चाळीसाव्या वर्षी नोकरी लागलेल्यांनी तर सेवेची वर्षे मोजूनच पर्याय निवडावा. आपल्या समाजात अशी उशिरा लागलेली माणसे खूप आहेत. एकदा दिलेला पर्याय बदलता येईल असे गृहीत धरू नका.

चौथी: ईपीएस-95, खासगी आणि कंत्राटी कामगारांची पेन्शन

काकांची पेन्शन ही. 16 नोव्हेंबर 1995 पासून ती लागू आहे. साधारणपणे 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. कामगाराचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के. कामगाराचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्ये जातात. मालकाच्या हिश्शापैकी 8.33 टक्के पेन्शनकडे आणि उरलेले 3.67 टक्के पीएफकडे जातात. पेन्शनसाठी 2014 पासून पगाराची मर्यादा 15,000 रुपये आहे. पगार 30,000 असला तरी पेन्शनचा हिशेब सहसा 15,000 वरच होतो.

सूत्र असे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगार 12,000 आणि सेवा 15 वर्षे असेल तर 12,000 × 15 ÷ 70 = 2,571 रुपये. पगाराच्या निम्मे मिळवायला हिशेबात 35 वर्षे सेवा धरली जावी लागते. पेन्शनला किमान 10 वर्षे सेवा हवी आणि वय 58 हवे. पन्नाशीनंतर लवकर घेतली तर दर वर्षामागे 4 टक्के कपात होते. महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन 1 सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. ती वाढवून द्या, या मागणीसाठी आपल्या शेजारच्या बुलढाण्यात म्हाताऱ्या पेन्शनरांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालवले.

काकांची पेन्शन इतकी कमी का? त्यांनी चार कंपन्या बदलल्या. दर वेळी कंपनी सुटली की पीएफ आणि पेन्शनचा पैसा काढून घेतला. पैसा काढला की सेवेची ती वर्षेही पुसली जातात. शेवटच्या कंपनीतली वर्षे तेवढी उरली. राबणे गुरुजींपेक्षा कमी नव्हते. कागदावर मात्र ते निम्म्याहून कमी राहिले.

या योजनेच्या दोन गोष्टी घरच्यांना माहीत नसतात. सेवेत असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पत्नीला आणि मुलांना पेन्शन लागू होते. आणि ठेवीशी जोडलेल्या विमा योजनेतून वारसांना ठरलेल्या अटींवर 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. चाकण, बुटीबोरी, वाळूजकडे गेलेला पोरगा अपघातात गेला, तर गावी परतलेली सून हा अर्ज करतच नाही, कारण तिला कोणी सांगितलेलेच नसते.

पाचवी: स्वतः वर्गणी भरून मिळणारी

रोजमजूर, हमाल, घरकामगार, टपरीवाले यांना मालकच नाही. त्यांच्यासाठी दोन सरकारी योजना आहेत.

अटल पेन्शन योजना 2015 पासून आहे. वय 18 ते 40. साठीनंतर 1,000 ते 5,000 रुपयांपर्यंत ठरलेली पेन्शन मिळते. पंचविसाव्या वर्षी सुरू केली तर 5,000 साठी महिन्याला 376 रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी सुरू केली तर 1,454. सभासदामागे जोडीदाराला तितकीच पेन्शन आणि दोघांनंतर वारसाला ठेव मिळते. 1 ऑक्टोबर 2022 पासून आयकर भरणाऱ्यांना यात नव्याने जाता येत नाही.

प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना 2019 ची. महिन्याचे उत्पन्न 15,000 पर्यंत आणि वय 18 ते 40 असलेल्या असंघटित कामगारांसाठी. अठराव्या वर्षी 55, एकोणतिसाव्या वर्षी 100, चाळिसाव्या वर्षी 200 रुपये महिना भरायचे. तितकीच रक्कम केंद्र सरकार टाकते. साठीनंतर 3,000 रुपये मिळतात आणि मागे जोडीदाराला त्याच्या निम्मे.

दोन्ही योजनांत महागाईची वाढ नाही. महागाई वर्षाला 5 टक्के धरली, तर 35 वर्षांनी मिळणाऱ्या 5,000 रुपयांत आजच्या सुमारे 900 रुपयांइतकाच माल येईल. तरीही काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण यावरच म्हातारपण निघेल, असे कोणी सांगत असेल तर त्याला हा हिशेब दाखवा.

आणि ज्यांना काहीच नाही

त्या संध्याकाळी गप्प बसलेल्या दोघींपैकी एक जण शेतमजूर. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी यांत जन्म गेला. चाळिशी ओलांडली, म्हणून वरच्या दोन्ही योजनांचे दार बंद. तिच्यासाठी उरते ती निराधारांची मदत. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत 2023 मध्ये मदत महिन्याला 1,500 रुपये करण्यात आली, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 आहे. म्हणजे आधी पुरते कंगाल व्हा, मग अर्ज करा.

दुसरी अंगणवाडीतली मदतनीस. तिला पगार नाही, "मानधन" मिळते. या एका शब्दामुळे तिची पेन्शन गेली. मात्र 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना उपदान कायदा, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू होते असा निकाल दिला. ग्रॅच्युइटीचा हिशेब असा: महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षे. 13,000 पगार आणि 10 वर्षे सेवा असेल तर 75,000 रुपये. हा निकाल आपल्या प्रत्येक अंगणवाडी ताईपर्यंत पोचला पाहिजे.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न वेगळा का आहे

शेताचा तुकडाही नसलेल्या आपल्या घरांत जमिनीच्या जागी उभी राहिली ती नोकरी. आरक्षणातून लागलेल्या पहिल्या पिढीच्या पेन्शनवर नातवंडांची शिक्षणे झाली, आजारपणे निभावली, धाब्याच्या घरावर स्लॅब पडला. गावातल्या गुरुजींची पेन्शन एकट्या त्यांची कधीच नव्हती.

त्यांचा मुलगा आज नगर परिषदेत कंत्राटी आहे. साफसफाई, पाणीपुरवठा, दवाखान्यातील वॉर्डबॉय, संगणक चालक ही कामे कंत्राटदारामार्फत दिली की एकाच वेळी दोन गोष्टी जातात, आरक्षण आणि पेन्शन. 6 सप्टेंबर 2023 रोजी राज्य सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. कंत्राटी कामे मात्र थांबली नाहीत. आरक्षणाच्या जागांसाठी लढताना त्या जागेसोबत पेन्शन कोणती येते, हेही आपल्या मागणीत असले पाहिजे.

आमच्यापैकीच एकाला असा अनुभव आला. पगारातून तीन वर्षे पीएफ कापला गेला, पण पासबुक पाहिले तर चौदा महिनेच जमा. कंत्राटदार बदलला, फोन बंद झाला. 12,000 पगारावर एक वर्ष गायब झाले, तर जन्मभराच्या पेन्शनमधून दर महिन्याला 171 रुपये जातात. आणि एकूण सेवा दहा वर्षांच्या खाली गेली तर महिन्याची पेन्शनच जाते. अशा वेळी हताश होऊ नका. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, मग तो कारखाना असो की सरकारी कार्यालय. भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. पगारपत्रक, हजेरी, बँकेचे पासबुक असे प्रत्येक कागद जपून ठेवा.

नोकरी लागताच विचारायचे प्रश्न

एक, माझ्या पगारातून किती कापले जाते आणि मालक किती भरतो?
दोन, मिळणारी पेन्शन ठरलेली आहे की बाजारावर अवलंबून?
तीन, तिला महागाईची वाढ आहे का?
चार, किमान किती वर्षे सेवा लागते, आणि नोकरी बदलली तर ती वर्षे जुळतात का?
पाच, माझ्यामागे पत्नीला, पतीला, मुलांना काय मिळेल? वारसाचे नाव नोंदले आहे का?

या पाच प्रश्नांची उत्तरे मांडली की तुलना आपोआप होते. जुनी पेन्शन पाचही प्रश्नांत बळकट. यूपीएस तिच्या जवळ जाते, पण कपातीसह. एनपीएसमध्ये पैसा दिसतो, हमी दिसत नाही. ईपीएस-95 मध्ये हमी आहे, पण रक्कम तुटपुंजी. अटल आणि श्रमयोगी म्हणजे नुसता टेकू.

या महिन्यात करायची कामे

पीएफ असलेल्या प्रत्येकाने उमंग अ‍ॅपवर पासबुक पाहावे आणि नाव, जन्मतारीख, आधार यांचा मेळ तपासावा. कंपनी बदलल्यावर पैसा काढू नका, जुने खाते नव्याला जोडून घ्या. सगळ्या नोकऱ्यांचा यूएएन क्रमांक एकच ठेवा. चाळिशीच्या आतल्या भावाबहिणींची अटल किंवा श्रमयोगी योजनेत नोंद करून द्या.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आणि त्यातला एक अडचणीच्या दिवसांसाठी राखायला सांगितले. त्याच सुत्तात मालकाची कर्तव्येही सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी. बचतीचा उपदेश आपल्याला सगळेच करतात. मालकाच्या कर्तव्याची आठवण करून देण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.

इंझोरीच्या विहारात आम्ही आता महिन्यातला एक रविवार या कामाला ठेवला आहे. वंदना झाली की मोबाइल, आधार आणि पासबुक घेऊन बसायचे. पहिल्याच रविवारी काकांचे जुने कागद तपासले. एका कंपनीचा पैसा त्यांनी काढलाच नव्हता, ती सेवा नुसती जोडायची राहिली होती. अर्ज लिहून तयार आहे. पेन्शन किती वाढेल ते पुढे कळेल. पण काका म्हणाले, "वाढो का न वाढो, हिशेब तरी समजला." आपापल्या गावच्या विहारात एक रविवार तुम्हीही काढा.

जय भीम.